विश्लेषण : आशियाचे तिकीट देणारा सुपर कप भोर-वेल्ह्यापासून इतका दूर का?

चार सामने जिंकले की थेट आशियाई स्पर्धेच्या उंबरठ्यावर. देशातली दुसरी कोणतीही फुटबॉल स्पर्धा इतक्या कमी वेळात इतके मोठे बक्षीस देत नाही. पण या स्पर्धेत कोणी खेळायचे, हे मैदानावर पाऊल पडण्याआधीच ठरलेले असते. गावच्या यात्रेत बाद पद्धतीच्या कबड्डी स्पर्धा भरवणाऱ्या भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतील वाचकांना यातील विसंगती चटकन कळेल.

सुपर कप २०२५ मध्ये नेमके काय घडले?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सुपर कप २० एप्रिल ते ३ मे २०२५ या काळात भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर झाला. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलचे १३ आणि आय-लीगचे ३ असे १६ संघ. सरळ बाद पद्धत होती. हरला तो घरी, बरोबरी झाली तर पेनल्टी शूटआऊट. चर्चिल ब्रदर्सने माघार घेतल्याने मोहन बागानला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली आणि १५ ऐवजी १४ सामने झाले. बाद पद्धतीचे गणित सोपे असते. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर जातो, म्हणून संघ जितके त्यापेक्षा सामने एकाने कमी. संघ १६ असोत की ५१२, हिशेब बदलत नाही. हा हिशेब लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

पहिल्याच दिवशी गतविजेता ईस्ट बंगाल केरळा ब्लास्टर्सकडून ०-२ असा हरून बाहेर पडला. पाठोपाठ आय-लीगमधील इंटर काशीने बेंगळूरु एफसीला १-१ असे रोखले आणि शूटआऊटमध्ये ५-३ असे हरवले. सुनील छेत्रीच्या क्लबला खालच्या श्रेणीतील संघाने बाहेर काढणे, ही लीगमध्ये सहसा न मिळणारी बातमी. आमच्या डेस्कवर त्या दिवशी तिला चार ओळी मिळाल्या. आयपीएल सुरू होते.

एफसी गोवाची वाटचाल या स्पर्धेचा खरा कणा. २१ एप्रिलला गोकुलम केरळवर ३-०, तिन्ही गोल इकेर ग्वारोत्सेनाचे. उपांत्यपूर्व फेरीत पंजाब एफसीविरुद्ध सामना संपत आला तरी गोवा एका गोलने मागे होता. अखेरच्या काही मिनिटांत दोन गोल झाले आणि २-१. उपांत्य फेरीत मोहन बागानवर ३-१. त्या हंगामात आयएसएलची लीग शील्ड आणि आयएसएल चषक दोन्ही जिंकलेल्या मोहन बागानने या स्पर्धेसाठी बहुतांश तरुण भारतीय खेळाडू पाठवले होते. आशियाई स्पर्धेतील त्यांची जागा आधीच पक्की होती, मग मुख्य संघ कशाला दमवायचा, हा त्यामागचा व्यवहार उघड आहे. ३ मे रोजी अंतिम सामन्यात गोव्याने जमशेदपूरला ३-० असे हरवले, त्यात बोर्हा हेरेराचे दोन गोल. म्हणजे १३ दिवसांत चार सामने आणि चषक.

बक्षीस काय होते? एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियाई स्पर्धेची पात्रता लढत. ऑगस्टमध्ये गोव्याने ओमानच्या अल सीब क्लबला २-१ असे हरवून मुख्य स्पर्धा गाठली. गटात सौदी अरेबियाचा अल नस्र आला आणि २२ ऑक्टोबर २०२५ रोजी तो क्लब फातोर्ड्यात खेळून गेला. क्रिस्तियानो रोनाल्डो आला नाही, गोवा १-२ असा हरला. तरी मडगावातल्या एखाद्या पोराला एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतची ही साखळी बोटावर मोजता येते. बाद फेरीच्या स्पर्धेची ताकद ती हीच.

मग पुढच्याच हंगामात बाद पद्धत का सोडली?

२०२५-२६ चा सुपर कप गोव्यात झाला. पुन्हा १६ संघ, पण चार-चारचे चार गट. फक्त गटविजेते उपांत्य फेरीत. सामने १५ वरून २७ झाले. व्यवस्थापनाच्या बाजूने याची कारणे समजण्यासारखी आहेत. एकाच सामन्यासाठी तीस जणांचा ताफा विमानाने न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा, हे कोणत्याही क्लबला परवडत नाही. तीन सामन्यांची खात्री असली की प्रायोजकाला सांगायला काहीतरी राहते. शिवाय त्या काळात आयएसएलचा व्यावसायिक करारच अडकला होता, लीग कधी सुरू होईल हे कोणाला ठाऊक नव्हते. क्लबांना सामने हवे होते.

त्याची किंमत मात्र खेळाने मोजली. गोव्याच्या डेम्पो क्लबचा संघ पूर्ण भारतीय खेळाडूंचा होता. त्याने ईस्ट बंगालला २-२ असे रोखले, मोहन बागानला एकही गोल करू दिला नाही, आणि तरी तो गटातच बाहेर पडला. मोहन बागान आणि ईस्ट बंगालमधील सामना ०-० असा सुटला, गोलफरकावर ईस्ट बंगाल पुढे गेला. कोलकात्याच्या डर्बीत बरोबरी म्हणजे एका संघाचा विजय, असे गणित गटामुळे तयार झाले आणि ईस्ट बंगालने ते शांतपणे सोडवले. कुस्तीच्या फडात अशी कुस्ती सोडवली तर प्रेक्षक शिट्ट्या मारतात. निकाली कुस्तीसाठीच माणसे उन्हात बसतात.

अंतिम सामना ७ डिसेंबरला पुन्हा गोवा विरुद्ध ईस्ट बंगाल, ०-० आणि शूटआऊटमध्ये ६-५. गोव्याचा हा तिसरा सुपर कप, पहिला २०१९ चा. विजेत्याबद्दल तक्रार नाही. तक्रार १६ या आकड्याबद्दल आहे. पद्धत कोणतीही ठेवा, १६ जण आधीच निवडले असतील तर त्याला देशाचा चषक म्हणणे जरा धाडसाचेच.

या १६ मध्ये महाराष्ट्र कुठे आहे?

मुंबई सिटी एफसी. इथेच यादी संपते. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईने चेन्नईनला ४-० आणि इंटर काशीला १-० असे हरवून उपांत्य फेरी गाठली आणि तिथे जमशेदपूरकडून ०-१ अशी हार पत्करली. डिसेंबरमध्ये पुन्हा उपांत्य फेरी, यावेळी गोव्याकडून १-२. कामगिरी वाईट नाही. पण सव्वाअकरा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या राज्यातून एकच क्लब, तोही मुंबईचा.

पूर्वी असे नव्हते. सुपर कपच्या आधी देशाचा चषक म्हणजे फेडरेशन कप, १९७७ ते २०१७. पहिला फेडरेशन कप बेंगळूरुच्या आयटीआयने, म्हणजे टेलिफोन बनवणाऱ्या सरकारी कारखान्याच्या संघाने, मोहन बागानला हरवून जिंकला होता. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने हा चषक २००३ आणि २००५ मध्ये जिंकला. २००५-०६ च्या हंगामात तर फेडरेशन कप आणि राष्ट्रीय फुटबॉल लीग अशी दोन्ही विजेतेपदे त्यांच्याकडे होती, प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. अवघ्या चार वर्षांत, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला.

परेरा पुण्याला आले. पुणे एफसी हा २००७ मध्ये सुरू झालेला क्लब त्यांच्या हाताखाली २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. बालेवाडीत आय-लीगचे सामने होत. मग एकाच शहरात पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि आयएसएलचा एफसी पुणे सिटी असे चार व्यावसायिक क्लब येऊन गेले. २०१९ पर्यंत चारही बंद. मी इंजिनीअरिंगला होतो तेव्हा बालेवाडीत पुणे सिटीचे सामने पाहायला जायचो. मार्च २०१८ मधील बेंगळूरुविरुद्धची उपांत्य लढत ०-० सुटली होती, परतीच्या सामन्यात छेत्रीने तीन गोल केले आणि विषय संपला. पुढच्या वर्षी क्लबच संपला. पुण्याच्या जागी हैदराबाद आले, २०२५ मध्ये तोही क्लब दिल्लीला हलला. जागा फिरत राहिली. पुण्यात मागे राहिल्या त्या जर्सी, आजही एखाद्या टर्फवर दिसतात.

हे सगळे क्लब मालकाच्या इच्छेवर उभे होते. कोल्हापुरात असे होत नाही. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. कोणी एक प्रायोजक गेला म्हणून शाहू स्टेडियम रिकामे पडत नाही. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पुण्यात फुटबॉल शिकला आणि आयएसएलपर्यंत गेला. म्हणजे खेळाडूला वाट आहे. कोल्हापूरच्या तालीम संघाला स्वतःच्या नावाने त्याच वाटेने जायचे असेल तर? तिथे अडचण सुरू होते, आणि भोर-वेल्ह्याची अडचण त्याहून मोठी आहे.

नसरापूर किंवा वेल्ह्यातील एखाद्या संघाला आज काय करता येईल?

कागदावर शिडी आहे. जिल्हा फुटबॉल संघटनेत क्लबची नोंदणी करायची, सर्वांत खालच्या गटात पुण्यात जाऊन खेळायचे, एकेक गट वर चढायचा, मग राज्याची लीग, मग राष्ट्रीय लीगच्या खालच्या तीन श्रेणी आणि शेवटी आयएसएल. प्रत्येक पायरीला एक हंगाम धरला आणि एकदाही पाय घसरला नाही तरी सात-आठ वर्षे जातात. आज सोळा वर्षांचा असलेला मुलगा तोवर चाकणला किंवा शिरवळला पाळीवर जाऊ लागलेला असेल. त्या सगळ्या वर्षांत दर आठवड्याला संघ पुण्याला न्यायचा खर्च वेगळा. लीग हे पैसा आणि धीर असणाऱ्यांचे काम आहे. इंटर काशीचा अनुभव तर आणखी बोलका. २०२४-२५ च्या आय-लीगचे विजेतेपद आधी चर्चिल ब्रदर्सला जाहीर झाले आणि जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने ते इंटर काशीला दिले. इतक्या वर पोहोचल्यावर पुन्हा वकील लागतात.

चषकाला वकील लागत नाही, वर्षेही लागत नाहीत. एक चांगला रविवार पुरतो, मग दुसरा. २०१६ मध्ये मिझोरामचा ऐझॉल एफसी आय-लीगमधून खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. त्याच मोसमात फेडरेशन कपमध्ये तो बेंगळूरु एफसीला बाहेर काढत अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे मोहन बागानने ५-० असा धुव्वा उडवला, ही गोष्ट वेगळी. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यावर ऐझॉलला लीगमध्ये परत घेतले गेले आणि २०१६-१७ ची आय-लीग त्यांनीच जिंकली. ज्या संघाला लीगने नापास केले होते, त्याची ओळख चषकाने टिकवून ठेवली.

गावातून सुरू होऊन राष्ट्रीय पातळीवर जाणारी बाद पद्धतीची एक फुटबॉल स्पर्धा देशात आहे, आणि ती शाळांची आहे. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून चालणारा सुब्रतो चषक. १५ वर्षांखालील मुले, १७ वर्षांखालील मुले आणि मुली असे गट. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा. भोरची शाळा असो की वेल्ह्याची, क्रीडा शिक्षकाने नोंदणी केली की ती या शिडीच्या पहिल्या पायरीवर उभी राहते. निमंत्रण लागत नाही. आयएसएलच्या कोणत्याही फ्रँचायझीला जे दार गावाकडे उघडता आले नाही, ते इथे साठ वर्षांहून अधिक काळ उघडे आहे.

पण वेळ पाहा. जिल्हा पातळीवरचे सामने साधारण जुलै-ऑगस्टमध्ये होतात. हिरडस मावळ आणि गुंजण मावळात तेव्हा भातलावणी चाललेली असते, खाचरे भरलेली, शाळेच्या मैदानात चिखल. सराव वर्गाच्या व्हरांड्यात. मुले पहाटेची एसटी धरून पुण्याला येतात, बारा महिने टर्फवर खेळणाऱ्या शहरी शाळेसमोर उभी राहतात आणि तासाभरात परतीच्या गाडीला लागतात. वर्षाचा फुटबॉल तिथेच संपतो. बाद पद्धतीचा हा खरा दोष आहे आणि तो झाकून पुढे जाता येणार नाही. लहान संघाला पहिलाच सामना लांब आणि बलाढ्य संघाशी दिला तर चषक म्हणजे नुसता हेलपाटा.

इतर देश हे कसे जमवतात?

इंग्लंडच्या एफए कपमध्ये दर हंगामात सातशेहून अधिक क्लब उतरतात. ऑगस्टमध्ये नवव्या-दहाव्या श्रेणीतील संघ खेळायला लागतात, तेही आसपासच्या गावांतील संघांशी. प्रीमियर लीगचे क्लब जानेवारीत, तिसऱ्या फेरीत येतात. तोवर शेकडो सामने होऊन गेलेले असतात आणि कोणालाही लांबचा प्रवास पडलेला नसतो.

फ्रान्सने याहून मोठे काम केले आहे. कुप द फ्रान्समध्ये सात हजारांहून अधिक क्लब असतात, समुद्रापारच्या प्रांतांतलेही. सुरुवातीच्या फेऱ्या स्थानिक संघटना घेतात. आणि एक नियम आपल्याकडे जसाच्या तसा उचलावा असा आहे. दोन संघांत दोन किंवा अधिक श्रेणींचे अंतर असेल तर सामना लहान संघाच्या मैदानावर होतो. २००० मध्ये चौथ्या श्रेणीतील कॅले हा हौशी खेळाडूंचा संघ या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि नाँतकडून १-२ असा हरला. त्या बंदराच्या गावाचे नाव अनेकांना तेव्हापासून माहीत आहे.

आता मघाचा हिशेब. भोर, वेल्हे, मुळशी आणि पुरंदर या चार तालुक्यांतून प्रत्येकी चार संघ घेतले तर संघ १६, सामने १५, फेऱ्या चार. म्हणजे चार रविवार. पहिल्या रविवारी चार मैदानांवर प्रत्येकी दोन सामने. जो जिंकेल तो जिल्ह्याच्या फेरीत पुण्या-पिंपरीच्या क्लबांशी खेळेल. राज्यात ३६ जिल्हे, म्हणजे राज्याच्या टप्प्यात ३५ सामने. राज्यागणिक एक विजेता देशाच्या स्पर्धेत. तिथे मोहन बागान किंवा एफसी गोवाशी गाठ पडेल ती अगदी शेवटी, आणि बहुधा एकदाच. पण ती पडू शकते, एवढ्याने खालच्या सगळ्या १५ सामन्यांची किंमत बदलते.

खर्चाचा आक्षेप येईल. पंच, रुग्णवाहिका, खेळाडूंचा विमा, महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत प्रत्येकाची नोंदणी. हे लागणारच. तरी कोणत्याही यात्रेतला कबड्डीचा फड आठवा. प्रवेश फी, प्रकाशझोत, कोणाच्या तरी स्मरणार्थ दिलेला चषक, माईकवर अखंड बोलणारा निवेदक, रात्री दोनला संपणारा अंतिम सामना. हे सगळे गावे स्वतः उभे करतात, कोणाच्या अनुदानाची वाट न बघता. एप्रिल-मेमधील टेनिस क्रिकेटच्या ‘एक गाव एक संघ’ स्पर्धाही तशाच. त्या जिंकून पुढे मात्र काही नसते. चषक कपाटात, रोख रकमेचे जेवण. कुस्तीत असे नाही. गावच्या तालमीतला मल्ल निवड चाचणीतून जिल्ह्याच्या संघात आणि तिथून महाराष्ट्र केसरीच्या मातीत उतरू शकतो. भरवण्याची ताकद गावात आहे. वरच्या टोकाला जोडून देण्याचे काम संघटनेचे आहे, आणि त्याला मैदाने बांधण्याइतका पैसा लागत नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये लिओनेल मेस्सी वानखेडेवर आला. त्यावेळी राज्य सरकारने ‘महादेवा’ ही योजना पुढे आणली, १३ वर्षांखालील निवडक मुला-मुलींना शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण देणारी. चांगली गोष्ट आहे. पण निवड आणि स्पर्धा यांत फरक असतो. निवडीत एखादे हुशार मूल गावातून उचलले जाते आणि बाहेर नेले जाते. स्पर्धेत गाव संघासह जाते, हरले तरी पुढच्या वर्षी परत येते. कोल्हापूरने अनिकेत दिला याचे कारण तिथे आधी स्पर्धा होती.

भोर-वेल्ह्यात मैदान तरी आहे का?

हा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवला, कारण सर्वांत अवघड हाच आहे. फुटबॉलच्या नियमांनुसार मैदान किमान ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद हवे. गुणाकार केला तर ४,०५० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक एकर. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आसपास. सव्वा गुंठा देवळासमोर निघतो. राजगड-तोरण्याच्या कुशीत, भाटघर आणि पानशेतच्या पाण्याच्या कडेला सलग सपाट चाळीस गुंठे शोधून दाखवा. या खोऱ्यांत कबड्डी रुजली आणि फुटबॉल रुजला नाही, याचे निम्मे उत्तर या गुणाकारात आहे.

जिथे तो सपाट एकर आहे, तिथे आज फार्महाऊसचे प्लॉट पडत आहेत. रस्त्याकडेच्या पाट्यांवर गुंठ्याचा भाव लिहिलेला असतो आणि नदीकडचा, डोंगर दिसणारा, सपाट तुकडा आधी विकला जातो. शेतकऱ्याने विकू नये असे म्हणण्याचा हक्क पुण्यात बसून कोणालाच नाही. पण गायरान, शाळेला लागून असलेली जागा, धरणाच्या कडेची सार्वजनिक जमीन हे ग्रामपंचायतीच्या आणि तालुक्याच्या हातातले आहे. एकदा त्यावर सभामंडप किंवा व्यापारी गाळे उभे राहिले की तो एकर परत मिळत नाही. मोठे क्रीडा संकुल मागण्यापेक्षा प्रत्येक खोऱ्यात एक असा एकर मोजून, हद्दीचे दगड रोवून, ‘मैदान’ म्हणून सातबाऱ्यावर नोंदवून घेणे जास्त उपयोगाचे. गॅलरी नको, गवतही नको. खुरटे दगड वेचलेली माती आणि दोन्ही टोकांना लोखंडी गोलपोस्ट.

वेळापत्रक त्यापुढचे. पावसाळ्यात इथे काही होणार नाही. भात काढून झाले की डिसेंबर ते मार्च हे चार महिने मोकळे असतात. एप्रिलमध्ये यात्रा सुरू होतात आणि पोरे कबड्डी-क्रिकेटकडे वळतात. सुपर कप एप्रिलमध्येच ठेवला, जसा तो २०२५ मध्ये होता, तर डिसेंबरात एखाद्या खोऱ्यात सुरू झालेली स्पर्धा त्याच हंगामात भुवनेश्वर किंवा मडगावपर्यंत जाऊ शकते. महासंघ २०२६-२७ च्या सुपर कपचे स्वरूप ठरवेल तेव्हा चर्चा पुन्हा गट की बाद यावरच होईल. जिल्हा संघटनांनी त्याआधी एक साधे पत्र पाठवायला हरकत नाही, की आमच्या जिल्ह्यात पहिली फेरी आम्ही घेतो, फक्त विजेत्याला पुढे खेळू द्या.